गाणाकाठची वरकस

आमच्या मुरूड तालुक्यात जमिनीची किंमत समुद्रापासून मोजतात. पुळणीला लागून असली तर गुंठ्याचा भाव, रस्त्याच्या आतल्या अंगाला असली तर एकराचा, आणि डोंगरउतारावरची वरकस असली तर एजंट म्हणतो, "बघू, गिऱ्हाईक आलं तर कळवतो." माझ्या घराण्याची अकरा एकर वरकस ह्या तिसऱ्या जातीची. खाली भाताची खाचरं, वर चढण, आणि चढणीच्या माथ्याला फणसाड अभयारण्याची हद्द. उताराच्या एका कोपऱ्यात पाण्याची जागा आहे. मे महिन्यातही तिथं ओंजळभर पाणी मिळतं. रानातल्या अशा जागेला आमच्याकडे गाण म्हणतात. गाण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण संध्याकाळी तिथं बसलं की पाखरं एवढी बोलतात की असेलही म्हणावंसं वाटतं.

ह्या गाणामुळेच वरकशीला दोनदा भाडेकरू चालून आला. एकदा माझ्या वडिलांकडे, साठ-सत्तरच्या सुमाराला. दुसऱ्यांदा माझ्याकडे, रो-रो बोट सुरू झाल्यानंतर. दोघांनाही नाचणी-वरी पिकवायची नव्हती. दोघांनाही हरणं पाहिजे होती.

आधी रानाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फणसाडचं रान हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान. संस्थान १९४८ साली विलीन झालं, मुरूड कुलाबा जिल्ह्यात आलं, आणि पुढं १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. रानाचं अभयारण्य झालं १९८६ साली. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं हे रान आज उभं दिसतं त्याचं एक कारण हेच की ते कुणाच्या तरी शिकारीसाठी राखलेलं होतं. बाकीच्या डोंगरांचा कोळसा झाला, इथं मात्र ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन राहिले. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड झाल्या. शेकरू राहिलं, सांबर राहिलं, भेकर राहिलं, आणि सशाएवढं पिसोरी हरीण, जे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी जन्मात पाहिलेलं नाही, तेही राहिलं.

आजोबा सांगायचे, नवाबांची शिकार असली की गावोगावची माणसं हाक्याला जायची. डबे, ढोल, आरोळ्या. एका बाजूनं माणसांची रांग रान झोडपत यायची आणि दुसऱ्या बाजूला बंदुका बसलेल्या असायच्या. जनावर कुठून निघणार हे मात्र बंदूकवाल्याला माहीत नसायचं. ते माहीत असायचं कातकऱ्याला. कुठल्या घळीतून सांबर उतरतं, कुठल्या झाडाला शिंगं घासतं, लेंड्या कालच्या की आजच्या, हे तो जमिनीकडं बघून सांगायचा. शिकारीच्या फोटोत तो कधी दिसत नाही.

वडिलांच्या वेळचा भाडेकरू मुंबईचा एक पारशी गृहस्थ. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून एस.टी.नं रेवदंडा, मग तरीतून खाडी ओलांडून साळाव, आणि पुढं मिळेल त्या गाडीनं आमच्या गावी. दिवस मोडायचा. बंदूक चामड्याच्या पेटीत, पेटी मांडीवर. सरकारी जंगलात शिकार करायची तर तेव्हा परवाना लागायचा, त्या त्या भागाची ठरलेल्या दिवसांची परवानगी काढावी लागायची, आणि ती मिळायला वशिला आणि वाट पाहणं दोन्ही लागे. म्हणून असे लोक रानाला लागून खाजगी जमीन शोधत फिरायचे. जमीन खाजगी, मालक राजी, जवळ पाणी, आणि वर जंगल. एवढ्या चार गोष्टी जुळल्या की त्यांचं काम झालं. आमच्या वरकशीत चारही होत्या.

कागद काही झाला नाही. होणारच नव्हता. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ह्यांनी कोकणात प्रत्येक जमीनवाल्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसवलेली. जमीन दुसऱ्याच्या नावानं कागदावर गेली की ती परत येईलच असं नाही. आमच्या वडिलांना तर दोन्ही बाजू ठाऊक होत्या. खाचरं त्यांना कूळ म्हणून मिळालेली. शेजारच्या अलिबाग तालुक्यातला चरीचा संप, १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही, ती गोष्ट आमच्या ओटीवर पुन्हा पुन्हा निघायची. तेव्हा साहेबाला त्यांनी सरळ सांगितलं, "सही मागू नका. जबान देतो ती पुरं."

जबानीच्या अटी मात्र कडक होत्या. मला त्या अजून पाठ आहेत, कारण दरवर्षी दिवाळीनंतर साहेब आला की वडील त्या पुन्हा म्हणून दाखवायचे. हंगामाचे पंचवीस रुपये, आगाऊ. माळा बांधायचा तो गाणाजवळच्या किंजळीवर, दुसऱ्या झाडाला हात लावायचा नाही. गुरं रानातून खाली येईपर्यंत बंदूक भरायची नाही. मादीवर आणि पाडसावर बार नाही. पावसाळ्यात यायचं नाही. जखमी झालेलं जनावर रात्री सोडून झोपायला जायचं नाही, माग काढून संपवायचं. हाक्याला येणाऱ्या कातकऱ्यांना रोजची मजुरी वेगळी आणि मटणाचा वाटा वेगळा. आणि आमच्या घरी एक फर.

आई मात्र त्या फऱ्याला हात लावायची नाही. "गाणावर पाणी प्यायला आलेलं जनावर," एवढंच बोलायची. वडील काही बोलायचे नाहीत. चुलता चुलीवर हंडी चढवायचा.

ह्या व्यवहारातला खरा फायदा पंचवीस रुपयांचा नव्हता. साहेब येऊन गेला की पंधरा-वीस दिवस सांबरं खाली उतरायची नाहीत. वाल वाचायचे. आमच्याकडे भात काढलं की त्याच ओलीवर वाल टाकतात. वालाचा पाला आणि कोवळी शेंग भेकराला एवढी आवडते की माणसांना पोपटी लावायला शेंगा उरतील की नाही, अशी पाळी येते. तेव्हा वडिलांच्या दृष्टीनं साहेब म्हणजे पैसे देऊन राखण करणारा माणूस होता.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढच्या एक-दोन हंगामांनंतर साहेब येईनासा झाला. परवान्यावरची थोडी शिकार कायद्यात त्यानंतरही शिल्लक होती. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. किंजळीवरचा माळा दोन पावसांत कुजून खाली आला. त्याच्या वाशांनी आम्ही गोठ्याची आड केली.

त्यानंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षं वरकशीला कुणी विचारलं नाही. आम्हीच तिच्याकडं लक्ष द्यायचं कमी केलं. आधी वरी गेली, मग नाचणी. राब भाजायला माणसं मिळेनात. पोरं मुंबई-पनवेलला गेली. वरकशीत गवत, मग करवंद, मग ऐन-किंजळीची पोरसवदा झाडं. जंगल आपल्या पायांनी खाली चालत आलं आणि जनावरं त्याच्यामागून. आता भात पोटरीला आलं की रानडुकरांची टोळी रात्रीतून खाचर नांगरून टाकते. सांबर ओंब्या ओरबाडतं ते ओरबाडतं, जाताना बांध फोडून जातं. त्याचं वजन दीड-दोनशे किलो. मातीचा बांध ते काय सोसणार?

शेतीच्या राखणीसाठी आमच्याकडे पूर्वी बंदुकीचा परवाना मिळायचा. ठासणीची बंदूक. बऱ्याच घरांत ती अजून आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायची, निवडणूक झाली की परत आणायची. विधानसभेची निवडणूक पुष्कळदा नेमकी भात पिकायच्या दिवसांत येते. बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात. पण ती बंदूक हातात असली तरी तिचा उपयोग आवाजापुरता. परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो.

अशा दिवसांत दुसरा भाडेकरू आला. मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. माणूस गाडीत बसून मुंबईला निघावा आणि त्याच गाडीतून मांडव्याला उतरावा. करोना ओसरल्यावर अलिबागच्या बाजूनं गाड्यांची रांग आमच्यापर्यंत पोचली. त्या रांगेतल्या एका गाडीतून एजंट आणि एक चाळिशीचा गृहस्थ उतरले. शहरातलं, पण बोलायला नम्र माणूस.

बहुतेक शहरी माणूस जमीन बघायला आला की विचारतो, समुद्र दिसतो का, लाइट आहे का, सातबारा स्वच्छ आहे का. ह्यानं विचारलं, "काका, अभयारण्याची हद्द इथून किती? मधे कुणाची जमीन आहे का? रात्री इकडे कुणी येतं?" मग गाणाकडं गेला. चिखलात बसून खुरांचे ठसे बघितले. ठसा सांबराचा आहे हे त्यानं मला न विचारता ओळखलं. तेव्हाच माझ्या मनात चुकचुकलं.

ओटीवर चहा घेताना एजंटनं मांडणी केली. विकत नको. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येतच नाही, कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाची आडकाठी आहे. म्हणून पाच वर्षांचा करार. तंबू, निसर्ग, पक्षीनिरीक्षण असं काहीतरी कागदावर लिहू. वर्षाचा आकडा त्यानं सांगितला तो मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की माझ्या भातानं आणि वालानं मिळून तीन वर्षांत तेवढा दिला नव्हता.

मी म्हटलं, "पक्षी बघायला हद्दीचं अंतर कशाला पाहिजे?"

गृहस्थ हसले. म्हणाले, "काका, तुम्ही समजून घ्या. तुमचंही नुकसान होतं ना? आम्ही चार मित्र. महिन्यातून एकदा. आवाज न होणारं सामान आहे. जमीन खाजगी, आपल्या खाजगी जागेत कोण विचारतंय?"

"आणि जनावर?"

"तुमच्या शेतात आलं म्हणजे तुमचंच की."

हाच प्रश्न मोठा आहे, आणि तो फक्त त्या गृहस्थांचा नाही. माझा एक पुतण्या जर्मनीत कामाला आहे. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, इथं असं भाड्यानं देतातच. उघडपणे." तिकडं ७५ हेक्टरपेक्षा लहान जमिनीवाल्या शेतकऱ्यांची मिळून संस्था असते. त्या संस्थेनं सगळ्यांच्या जमिनीवरचा शिकारीचा हक्क एकत्र करून शिकाऱ्याला द्यायचा. करार साधारण ९ वर्षांच्या खाली नसावा असं कायदाच सांगतो, म्हणजे शिकारी आज मारून उद्या पळणारा नसावा. भाडं जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. किती हरणं मारायची हे ठरवून मिळतं. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की रानडुकरानं मका लोळवला तर त्याची भरपाई बहुतेक करारांत त्या शिकाऱ्याच्या गळ्यात असते. डुकरं आटोक्यात राहिली नाहीत तर पैसे त्याचे जातात. अमेरिकेत टेक्सासमध्ये बहुतेक सगळी जमीन खाजगी, तिथं हरणं सरकारची पण जमिनीत शिरायचं तर मालकाला एकरी भाडं द्यायचं. हंगाम ठरलेला, मोजदाद ठरलेली.

मी पुतण्याला म्हटलं, "छान आहे. पण तिथं हरणं मोजतात. आपल्याकडं शेतकऱ्यांचं नुकसानही कोणी नीट मोजत नाही."

आपल्याकडचा कायदा असा. जमीन माझी, पीक माझं, पण जनावर माझ्या खाचरात मरून पडलं तरी ते सरकारचं. शिकार म्हणजे नुसता बार टाकणं नव्हे. फासा लावणं, सापळा लावणं, हाका करून पळवणं, आमिष घालणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच, आणि त्याचा प्रयत्नही शिकारच. जमीन खाजगी असली म्हणून त्यातून सुटका नाही. अभयारण्यात हे झालं तर ३ ते ७ वर्षांची कैद. आणि गोळी खाल्लेलं सांबर काही माझ्या बांधावर पडून राहत नाही. ते वर धावतं, हद्दीच्या आत. माग रक्ताचा, आणि मागाचं एक टोक माझ्या सातबाऱ्यावर. गृहस्थ रो-रोनं तासाभरात मुंबईत. मी कुठं जाणार?

हे मी त्यांना बोललो. ते म्हणाले, "करारात तसं लिहिणारच नाही ना आपण."

मी म्हटलं, "तेच तर. माझ्या बापानं कागद केला नाही, पण जे करायचं ते बोलून ठरवलं. तुम्ही कागद करताय आणि जे करायचं तेवढंच त्यात नाही."

एजंट उठला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, दुसरा कोणी देईल. तुमचंच नुकसान." ते खोटं नव्हतं. त्या आठवड्यात वनरक्षक वाटेत भेटला तेव्हा मी त्याच्या कानावर घातलं, की गाणं आणि पाणवठे हेरत माणसं फिरतायत, नजर ठेव. गावात दोघा-तिघांना ते आवडलं नाही. जमिनीचं गिऱ्हाईक हुसकावतो, म्हणाले.

खरी कटकट घरातून झाली. सातबाऱ्यावर मी एकटा नाही. सात सहहिस्सेदार आहोत, त्यातले चार मुंबईत. एजंटनं मुंबईच्या चुलतभावाला गाठलं. त्याचा फोन आला. "दादा, तू गावात बसून आमचं नुकसान करतोयस. पडीक जमीन. ते लोक काय करतात ते त्यांचं ते बघतील." त्याचंही चुकीचं म्हणवत नव्हतं. त्याच्या मुलीचं शिक्षण चालू होतं, घराचा हप्ता होता. त्या पडीक जमिनीनं त्याला आयुष्यात एक रुपया दिला नव्हता. मी त्याला कायदा सांगितला, कैद सांगितली. तो म्हणाला, "सगळं कळतं रे. पण ह्या जनावरांना पोसायचा खर्च आपणच का करायचा?"

त्याला मी म्हटलं, "दिवाळीला ये. चार रात्री राखणीला बस माझ्याबरोबर. मग बोलू."

तो आला, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. खाचराच्या कडेला माळा बांधला होता. वर पेंढा, हाताशी पत्र्याचा डबा, बॅटरी, आणि खाली शेकोटी. पहिल्या रात्री काहीच आलं नाही. दुसऱ्या रात्री बाराच्या पुढं वरून भेकर भुंकलं. कुत्र्यासारखं, पण घोगरं, थांबून थांबून. तो उठून बसला. "बिबट्या असंल का रं, दादा?" शहरात तीस वर्षं काढलेल्या माणसाची बोली एका क्षणात परत आली. असेल, म्हटलं. भेकर उगाच भुंकत नाही. मग तासाभरानं खाचरात सळसळ झाली. बॅटरी टाकली तर सांबराची मादी, मागं पाडस. तोंडात ओंबी. उजेडात उभीच राहिली. मी डबा बडवला, तो ओरडला, आणि दोघं चार उड्यांत चढणीला लागली. सकाळी गेलो तर पाच-सहा पेंढ्यांचं भात आडवं झालेलं.

त्यानं ते मोजलं. किती किलो, किती रुपये. मला वाटलं होतं मादी-पाडस बघून त्याचं मन बदललं असेल. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "दादा, मारायला देऊ नको, ते बरोबर. पण हे भरून कोण देणार, त्याचं उत्तर तुझ्याकडंही नाही." मी म्हटलं, नाही.

उत्तर नाही म्हणून काम थांबत नाही. त्या वर्षापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्यायचा, आणि पंचनामा होईपर्यंत खाचराला हात लावायचा नाही. पूर्वी आम्ही कंटाळून सोडून द्यायचो. भरपाई मिळते ती नुकसानीच्या मानानं थोडी, आणि उशिरा. पण अर्ज गेला नाही तर नुकसान झालंच नाही असं कागद म्हणतो. चुलतभाऊ मुंबईहून अर्जांचा पाठपुरावा करतो, त्याला ते जमतं. दुसरी गोष्ट, शेजारच्या आठ खातेदारांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावल्या. एकट्यानं जागायचं ते आता आठवड्यातून एकदा जागायचं.

वरकस तशीच आहे. गवत कापायला मी वाडीवरच्या कातकऱ्यांना देतो, पैसे घेत नाही. त्याबदल्यात गाणाभोवती कोणी फासा लावलेला दिसला तर ते काढून मला आणून देतात. गेल्या उन्हाळ्यात दोन आणून दिले, गाडीच्या क्लचच्या तारेचे. कोणी लावले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. दोन्ही वनरक्षकाकडं दिले.

एजंटचा फोन अजून अधूनमधून येतो. आता तो सोलरवाल्यांबद्दल विचारतो.